आंबवण्याचे शास्त्र आणि पोटापाण्याचा प्रश्न

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मुख्याध्यापकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यासोबत विषयही आला : ‘जीवरसायन अभियंता म्हणून कारकीर्द’. कारकीर्द हा शब्द मला थोडा जड जातो. आपल्याकडे तो पेशव्यांना आणि मुख्यमंत्र्यांना शोभतो. मी कामाविषयी बोलेन. ते काम कसले असते, त्यात पोट भरते का, आणि आपल्या मुलामुलींनी त्या वाटेला जावे का, एवढ्या तीन गोष्टींपलीकडे माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही.

मी गेली अनेक वर्षे छत्तीसगडात, रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात राहतो. हावड्याच्या गाडीत बसावे, गोंदिया मागे टाकावे, डोंगरगडची बम्लेश्वरीची टेकडी खिडकीतून पाहावी. मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. तिथून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की उरल्याची औद्योगिक वसाहत आणि तिला चिकटलेले बीरगांव. नावात गाव असले तरी आज तिथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. हा मुलुख मराठी माणसाला परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल तिथे होता, बिंबाजी भोसले रतनपुरातून कारभार पाहत. आणि १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषकच. रायपुरात मराठी मंडळींची वस्ती जुनी आहे. बीरगांवात मात्र कामासाठी आलेली माणसे अधिक : ओडिशाची, बिहारची, आणि भोवतालच्या खेड्यांतली.

हे लोखंडाचे गाव. स्पंज आयर्न, भट्ट्या, रोलिंग मिल. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कापड संध्याकाळपर्यंत पांढरे राहील याची हमी कोणी देत नाही. अशा गावात जीवाणूंशी आणि बुरशीशी व्यवहार करणाऱ्या अभियंत्याचे काय काम, असे कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. लोखंड बीरगांवात असले तरी त्याच्या चारी बाजूंना धान आहे. छत्तीसगडाला धानाचे कोठार म्हणतात, आणि धान जिथे येते तिथे राइस मिल येते, कणी येते, कोंडा येतो, उकड्या तांदळाचे सांडपाणी येते. माझे पोट मुख्यतः या दोन गोष्टींवर चालते : कणीपासून इथेनॉल आणि घाण पाण्याची शुद्धी.

आधी इथेनॉल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब झालेल्या धान्यापासून आणि कणीपासून इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे लक्ष्य २०३० साठी ठरले होते, ते २०२२ च्या दुरुस्तीने २०२५-२६ वर आणले गेले. रसायनशास्त्राच्या वहीत हा व्यवहार एका ओळीत मावतो. कणीतल्या पिष्टाची विकरांच्या साहाय्याने साखर होते. यीस्ट ती साखर खाते. १८० किलो ग्लुकोजमधून ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड, यापेक्षा अधिक ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. प्रत्यक्षात एका टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल मिळते. ओळ लिहिणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम. ती ओळ लाखो लिटरच्या टाकीत, रोज, न चुकता खरी करून दाखवणे हे आमचे.

अडचण कुठे येते ते सांगतो, कारण तिथेच या विषयाची गोडी आहे. घरी चंचुपात्रात यीस्ट आणि गूळ ठेवला तर काही बिघडत नाही. त्या भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट करा. पृष्ठभाग शंभरपट होतो, पण आतला द्रव हजारपट. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडते. ती उष्णता द्रवाच्या प्रमाणात निर्माण होते आणि भिंतीच्या प्रमाणात बाहेर पडते. म्हणजे भांडे जितके मोठे तितकी आतली ऊब कोंडलेली. टाकीचे तापमान साधारण ३२-३३ अंशांवर राखावे लागते; ते पाच-सहा अंश चढले की यीस्ट आजारी पडते आणि मालकाचा रक्तदाब चढतो. आठवीच्या भूमितीतले हे क्षेत्रफळ-घनफळाचे गणित ज्याच्या अंगी मुरले, त्याला या शाखेचा अर्धा गाभा कळला असे मी समजतो.

आता प्रश्न विचारतो. रायपूरला मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, जुलैत पावसाने तो तिशीवर उतरतो. टाकी थंड ठेवणे कोणत्या महिन्यात कठीण? नवे अभियंते ‘मे’ म्हणतात. पण आपल्या घरच्या कूलरला विचारा. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर मे महिन्यात गारेगार वारा देतो आणि जुलैत नुसता दमट घोंघाट करतो. कारखान्याचा शीतकरण मनोरा म्हणजे मोठा कूलरच. पाण्याची वाफ होऊन ते गार होते, आणि हवेत आधीच बाष्प भरले असेल तर वाफ व्हायची कशी? म्हणून आमची खरी परीक्षा मृग-आर्द्रा बरसल्यानंतर. विदर्भात आणि छत्तीसगडात वाढलेल्या मुलाला हे पुस्तकाआधी अंगाला ठाऊक असते. मुंबईच्या मुलाला ते शिकवावे लागते, असे मी गमतीने म्हणतो; मुंबईकरांनी राग मानू नये.

दुसरे काम सांडपाण्याचे. ते ऐकायला गलिच्छ, पण माझ्या लेखी अधिक मोलाचे. खारून नदी रायपूरची तहान भागवते, पुढे शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. उकडा तांदूळ करताना धान भिजवून वाफवतात. त्या भिजवणीच्या पाण्यात इतके सेंद्रिय द्रव्य उतरते की ते तसेच नाल्यात सोडले तर नाल्यातला प्राणवायू तिथले जीवाणूच पिऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. नदीत सोडायच्या पाण्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावी असा नियम आहे. घरगुती सांडपाण्यातच ती दोन-तीनशे असते. गिरण्यांच्या आणि मद्यार्काच्या पाण्यात ती हजारांच्या भाषेत मोजतात. हे अंतर कमी करण्यासाठी आम्ही जीवाणूंनाच कामाला लावतो. बिनहवेच्या टाकीत एक जमात भराभर सगळे आंबट करते, दुसरी सावकाश त्या आंबटाचा मिथेन वायू करते. पहिली घाईची, दुसरी संथ. एखाद्या दिवशी कारखान्याने हावरेपणाने जास्त पाणी ढकलले की घाईची जमात आम्ल साठवते, संथ जमात हातपाय गाळते, आणि मग टाकी पूर्ववत होण्यास महिना लागू शकतो. हे कामगार पगार मागत नाहीत, पण संपावर जातात. आणि त्यांच्याशी वाटाघाट चुन्याच्या निवळीने आणि सबुरीने करावी लागते.

आमच्याकडे एक वयस्क छत्तीसगडी ऑपरेटर होते. मोजमापाचे यंत्र आम्लता दाखवण्याआधी ते टाकीच्या तोंडाशी उभे राहून वास घेत आणि म्हणत, ‘साहेब, आज ठीक नइ हे.’ बहुतेकदा ते खरे ठरे. मला तेव्हा आपली भाषा आठवे. आंबूस, कुबट, खवट, उग्र, करपट, खमंग. वासासाठी मराठीत केवढी संपत्ती आहे! कारखान्याच्या नोंदवहीत मात्र वासाचा रकानाच नसतो. मी तो काही ठिकाणी घालून घेतला आहे.

मराठी माध्यमात शिकलेली मुले या विषयात मागे पडतात का, असे पालक मला नेहमी विचारतात. माझा अनुभव सांगतो. महाविद्यालयात ‘इनॉक्युलम’ हा शब्द प्रथम कानावर आला तेव्हा शेजारचा विद्यार्थी शब्दकोश उघडत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे आईच्या हातातली विरजणाची वाटी उभी राहिली. दूध कोमट हवे, विरजण ताजे हवे, फार नको, थोडे नको, भांडे स्वच्छ हवे, आणि एकदा लावल्यावर हलवायचे नाही. त्या पाच सूचनांत तापमान, बीज-संवर्धनाचे वय, प्रमाण, निर्जंतुकता आणि स्थैर्य हे पाचही धडे आले. आपण ‘आंबणे’ आणि ‘नासणे’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. दोन्ही जीवाणूंचीच करणी. पण हवा तो जीव वाढला तर आंबले, नको तो शिरला तर नासले. माझ्या व्यवसायातला निम्मा खर्च, ती वाफ, ते झडपांचे सांधे, ती धुलाई, आंबण्याचे नासणे होऊ नये यासाठी असतो. छत्तीसगडात रात्री उरलेल्या भातात पाणी घालून सकाळी ‘बासी’ खातात. २०२२ पासून काही वर्षे १ मे हा तिथे ‘बोरे बासी’चा दिवस म्हणूनही साजरा झाला. आपल्याकडची आंबील तिची सख्खी बहीण. इंग्रजी शिकावेच लागते, त्याला पर्याय नाही. पहिली दोन वर्षे जीभ अडखळते हेही खरे. परंतु जिला वस्तू ओळखीची आहे, तिला त्या वस्तूचे दुसरे नाव शिकायला फार काळ लागत नाही.

या शाखेचा जन्म कसा झाला तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसले, पण ते दिसणे आणि रोग्याच्या दंडात जाणे यांत बरीच वर्षे गेली. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते प्रथम टोचले. तो सुधारू लागला. औषध इतके थोडे की त्याच्या लघवीतून पुन्हा गाळून काढून तेच टोचत होते. तरी साठा संपला आणि तो माणूस दगावला. औषध ठाऊक होते, ते पुरेसे करणे ठाऊक नव्हते. बुरशीला हवा लागते, आणि पाण्यात प्राणवायू विरघळतो लिटरमागे अवघा सात-आठ मिलिग्रॅम. खोल टाकीत तो सतत पोचवायचा कसा, तेही बाहेरचा एकही जंतू आत न जाऊ देता, हा प्रश्न अमेरिकेतल्या अभियंत्यांनी युद्धकाळात सोडवला. त्या पहिल्या व्यापारी संयंत्राची रचना करणाऱ्या मार्गारेट हचिन्सन रूसो या १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

आपल्याकडे ही विद्या आली ती पुण्याजवळच्या पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरी तेव्हा खेडेच होते. याच कारखान्याच्या संशोधनशाळेत डॉ. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्याच्या नावातली पहिली अक्षरे कारखान्याच्याच नावाची. पुढे हा कारखाना आजारी पडला, परदेशी स्वस्त मालापुढे देशातले पेनिसिलिनचे किण्वन हळूहळू थांबले, आणि आपण कच्च्या औषधासाठी चीनकडे पाहू लागलो. २०२० नंतर सरकारने उत्पादनाला प्रोत्साहन देणारी योजना आणली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिन-जी पुन्हा होऊ लागले. ज्या देशाने १९५५ मध्ये हे साधले होते त्याने सत्तर वर्षांनी पुन्हा पहिली इयत्ता गिरवावी, याचा मला खेद वाटतो. टाक्या गंजल्या तर नव्या घेता येतात. टाकी चालवणारी माणसे विखुरली की ती तयार होण्यास एक पिढी जाते.

आता पोटाचा प्रश्न. बीरगांवात आमच्या गल्लीत भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांची मुलगी बारावीला होती, गणितात चांगली. तिला हा विषय घ्यायचा होता. ते एका रविवारी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि एकच वाक्य बोलले : ‘साहेब, एमा नौकरी लगही का?’ त्या प्रश्नामागे तीस वर्षांची आच होती. भट्टीसमोर उभे राहून साठवलेले पैसे होते. अशा माणसाला माहितीपुस्तकातली वाक्ये ऐकवणे पाप आहे. त्यांना जे सांगितले तेच इथल्या पालकांना सांगतो.

नोकरी लागते, पण संगणकवाल्यांसारखी कॉलेजच्या आवारात रांग लागत नाही. पहिला पगार त्यांच्यापेक्षा कमी असतो. पहिली चार-पाच वर्षे पाळ्यांची. रात्री दोनला टाकी तापली तर रात्री दोनलाच जावे लागते. कामे पुणे, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद या भागांत जास्त : लसी, औषधे, विकरे, मद्यार्क. पुण्यात हडपसरला १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट आहे, इथेनॉलची संयंत्रे उभारणारी प्राज आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. घराजवळच काम हवे असेल तर साखर कारखाने, आसवन्या आणि सांडपाणी संयंत्रे. दहा वर्षे टिकला त्याला मात्र कोणी सहजी हलवत नाही, कारण टाकीचे ज्ञान हाताला लागलेले असते.

मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीला मज्जाव होता आणि त्या आडून अनेक ठिकाणी मुलींना घेणेच टाळले जाई. आता संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर ती मनाई सैल झाली आहे. किरण मजुमदार ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन १९७५ मध्ये परतल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना त्या पदाची नोकरी कोणी दिली नाही. १९७८ मध्ये त्यांनी बंगळूरला एका गॅरेजात बायोकॉन सुरू केली. पहिला माल पपईच्या चिकातले विकर. मी हे उदाहरण जपून देतो. प्रत्येकीने कंपनी काढावी असे मला म्हणायचे नाही. तिला साधी, नियमित पगाराची नोकरी मिळावी आणि पाळीनंतर घरी सोडणारी गाडी वेळेवर यावी, एवढेच पुष्कळ आहे.

पालकांची एक गैरसमजूत मात्र आज मी इथे मोडून जाणार आहे. ‘जीव’ हा शब्द ऐकून पुष्कळजण गणित सोडतात आणि जीवशास्त्र घेतात. अभियांत्रिकीला गणित, भौतिक आणि रसायन लागते. जीवशास्त्र पुढे शिकता येते, गणित मागे जाऊन शिकता येत नाही. जैवतंत्रज्ञानातली तीन वर्षांची पदवी आणि जैवतंत्रज्ञानातली अभियांत्रिकी पदवी यांची नावे सारखी दिसली तरी कारखान्याच्या दारात त्यांची वाट वेगळी होते. एक प्रयोगशाळेकडे वळते, दुसरी टाकीकडे. प्रयोगशाळेची वाट हलकी नाही, पण तिथे पदव्युत्तर शिक्षणाशिवाय निभाव लागणे कठीण. हे प्रवेश घेण्यापूर्वी कळावे, तिसऱ्या वर्षी नव्हे. शिक्षणाच्या जागा पाहायच्या तर दिल्लीच्या आयआयटीत प्रा. टी. के. घोष यांनी या शाखेचा पाया घातला. वाराणसीच्या आयआयटीत तिचे स्वतंत्र विद्यालय आहे. रायपूरच्या एनआयटीत जैवतंत्रज्ञान विभाग आहे. या मार्गांनी जमले नाही तरी सरळ रासायनिक अभियांत्रिकी घ्यावी. मुंबईचे १९३३ मधले यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, आणि आपल्या विदर्भातले नागपूरचे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थान, म्हणजे आताचे एलआयटी विद्यापीठ, ही त्यासाठीची जुनी, कसलेली ठिकाणे. खरे सांगायचे तर नोकरीच्या बाजारात हा आडमार्गच अधिक सुरक्षित आहे : पदवी रासायनिक अभियांत्रिकीची, पदव्युत्तर शिक्षण जैवप्रक्रियेचे. जेईईची मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. आपल्या मुलांनी त्याची लाज बाळगू नये.

त्या गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी विचारले, मुलीला भट्टीसमोर उभे राहावे लागेल का? नाही म्हटले, टाकी असते, ती ३३ अंशांवर असते. ते पहिल्यांदा हसले. मुलगी सध्या रासायनिक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय घेईल ते तिचे तीच ठरवील.

उद्या सकाळी दहाला शाळेच्या प्रयोगशाळेत नववी-दहावीच्या मुलांसाठी एक छोटा प्रयोग ठेवला आहे. तीन बाटल्या, प्रत्येकीत सारखाच गूळ आणि सारखेच यीस्ट, तोंडाला फुगे. एक बर्फाच्या पाण्यात, एक कोमट पाण्यात, एक कढत पाण्यात. कोणता फुगा किती मिनिटांत किती फुगतो हे मुलांनी स्वतः दोऱ्याने मोजून आलेखावर काढायचे. यीस्ट मी सोबत आणले आहे, गूळ मुख्याध्यापकांनी कबूल केला आहे. मुलांनी येताना घरून रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या आणाव्यात. तेलाच्या नकोत.